विश्लेषण : खीरगंगेच्या तोंडावर धरालीचा बाजार कसा वसला? गावाचा भूगोल समजून घेताना...

चारधाम यात्रेला जाऊन आलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाच्या मोबाइलमध्ये धरालीचा एखादा फोटो असतोच, फक्त तो धरालीचा आहे हे अनेकांना आठवत नाही. उत्तरकाशीहून गंगोत्रीकडे जाताना शेवटचे २० किलोमीटर उरतात, तिथे गाडी थांबते. एका बाजूला भागीरथी, मागे देवदार, त्यामागे बर्फाचे शिखर, रस्त्यालगत हॉटेलांची रांग, सफरचंदांच्या पेट्या आणि गरम राजमा-चावल. ५ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी ही रांग अर्ध्या मिनिटाच्या आसपास गाळाखाली गेली. त्या वेळचे व्हिडीओ देशभर फिरले. ‘ढगफुटी’ हा एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आणि विषय तिथेच थांबला. पण धरालीत नेमके काय वाहून गेले आणि काय वाचले, हे पाहिले तर प्रश्न पावसाचा कमी आणि जागेचा जास्त आहे, असे दिसते.

त्या दिवशी काय घडले?

धराली समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास हजार मीटर उंच. गावाच्या डोक्यावर ६,१३३ मीटर उंचीचे श्रीकंठ शिखर आहे. त्याच्या हिमनदीच्या बाजूने निघणारा ओढा म्हणजे खीरगंगा किंवा खीर गाड. गढवालात लहान नदीला ‘गाड’ म्हणतात. दुपारी दीडच्या सुमारास या ओढ्यातून पाणी, चिखल, दगड आणि झाडे यांचा लोंढा उतरला आणि ओढ्याच्या पात्रात न मावता सरळ बाजारात शिरला. भागीरथीच्या पलीकडच्या मुखबा गावातील लोकांना तो आधी दिसला. त्यांनी शिट्ट्या वाजवल्या, ओरडून सावध केले. काहींनी ऐकले, काही पळाले. अनेकांना पळायला वेळच मिळाला नाही.

त्याच दिवशी जवळच्या तेल गाडातूनही लोंढा आला आणि हर्षिलजवळच्या लष्करी छावणीवर आदळला. तिथले जवानही बेपत्ता झाले, आणि उरलेले जवान तशा स्थितीत मदतीला धावले. भागीरथीचे पात्र तुंबून हर्षिलपाशी तलाव तयार झाला, महामार्ग पाण्याखाली गेला. लिमचीगाडचा पूल वाहून गेल्याने रस्त्याने मदत पोहोचेना. तिथे काही दिवसांत बेली पूल उभारला गेला, तोवर भिस्त हेलिकॉप्टरवर होती. अडकलेल्या यात्रेकरूंमध्ये महाराष्ट्रातील गटही होते, त्यांना हवाईमार्गे बाहेर काढण्यात आले.

सापडलेले मृतदेह मोजके. बेपत्तांची संख्या मात्र साठच्या वर गेली. त्यांत गावकऱ्यांपेक्षा बाहेरून पोटासाठी आलेले जास्त : नेपाळी मजूर, बिहारमधले बांधकाम कामगार, हॉटेलांतली मुले. गाळात माणसे शोधण्यासाठी श्वानपथके आली, जमिनीखालचा वेध घेणारे रडार आले. बेपत्ता व्यक्तीला कायद्याने मृत मानण्यासाठी एरवी सात वर्षे थांबावे लागते. चमोलीतील २०२१ च्या दुर्घटनेप्रमाणे इथेही त्या नियमाला अपवाद करावा लागला.

ढगफुटी होती की नव्हती?

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रात एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला, तर ती ढगफुटी. त्या दिवशी हर्षिलच्या पर्जन्यमापकात नोंद झाली ६.५ मिलिमीटर. हा मुंबईत छत्री उघडायची की नाही असा विचार करायला लावणारा पाऊस आहे.

याचा अर्थ वर पाऊस झालाच नाही असा नाही. मापक दरीत आहे आणि पाणलोट त्याच्या दोन-तीन हजार मीटर वर. हिमालयात एका कड्याच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे धुवाधार, हे नेहमीचे. मुक्तेश्वर, सुरकंडा देवी आणि लॅन्सडाउन येथे डॉप्लर रडार आहेत, पण उंच शिखरांच्या आड असलेल्या अरुंद दऱ्या त्यांनाही नीट दिसत नाहीत. शास्त्रज्ञांत त्यामुळे एकमत झाले नाही. हिमनदी मागे सरकताना जो दगडमातीचा ढीग सोडून जाते, त्याला आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ‘हिमोढ’ म्हणतात. आधीच्या दिवसांतील पावसाने भिजलेला हा हिमोढ सुटला असावा, असे एक मत. ओढा वर कुठेतरी तुंबून साचलेले पाणी एकदम फुटले असावे, असे दुसरे. फुटावा असा मोठा हिमतलाव मात्र त्या पाणलोटात उपग्रहचित्रांत आढळला नव्हता.

कारण कोणतेही असो, खाली आले ते निव्वळ पाणी नव्हते. उभ्या उतारावर पाणी खालची आणि काठाची माती उचलत जाते आणि मिश्रण घट्ट होत जाते. अशा लोंढ्याची घनता पाण्याच्या दुप्पटही भरू शकते, म्हणजे त्याच वेगाने भिंतीवर बसणारा धक्काही दुप्पट. अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवला जाणारा एक जुना नियम इथे फार कामाचा आहे : प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो ढकलून नेऊ शकेल अशा दगडाचे वजन ६४ पट होते. व्हिडीओत तीन-चार मजली इमारती काड्यापेटीसारख्या सरकताना दिसल्या, त्यामागचे गणित हे आहे. तिथे काँक्रीटचा दर्जा तपासण्यात फारसा अर्थ नाही.

गाव ज्या सपाटीवर होते ती आली कुठून?

या सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न हाच. गंगोत्रीच्या वाटेवर दरी अरुंद आहे, दोन्ही बाजूंना कडे. अशा ठिकाणी अचानक हॉटेल, पार्किंग, बाग करता येईल अशी छान उताराची मोकळी जमीन कशी काय मिळते?

उत्तर : ती जमीन ओढ्यानेच आणून टाकलेली असते. घळीतून सुसाट उतरणारा ओढा मुख्य नदीच्या काठाशी आला की उतार एकदम कमी होतो, दोन्ही बाजूंच्या भिंती संपतात, पाणी पसरते, वेग मंदावतो आणि बरोबर आणलेले ओझे तिथेच पडते. आधी मोठे दगड, पुढे गोटे, मग वाळू. असे शेकडो-हजारो वर्षे होत राहिले की घळीच्या तोंडाशी हातपंख्याच्या आकाराची जमीन तयार होते. शाळेत आपण याला ‘पंखाकृती मैदान’ म्हणून दोन गुणांना पाठ केले होते.

या पंख्याची एक खोड असते. ओढा त्यावर एका जागी राहत नाही. एक बाजू भरून उंच झाली की तो दुसऱ्या बाजूला वळतो. अंगणात पाण्याचा पाइप जोरात चालू करून हातातून सोडून दिला तर त्याचे तोंड जसे इकडेतिकडे फिरते, तसे, फक्त प्रत्येक वळण काही दशकांनी. मधल्या काळात ओढा एका कडेने शांत वाहत असतो आणि माणसाला वाटते, ही त्याची जागा आणि उरलेली आपली. मग आपण त्या कडेला संरक्षक भिंत बांधतो आणि नकाशावर ओढ्याची निळी रेघ कायमची पक्की करतो.

दुर्घटनेनंतर ‘इस्रो’ने कार्टोसॅट उपग्रहाची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत खीर गाड आणि भागीरथीच्या संगमावर सुमारे ७५० मीटर लांब आणि ४५० मीटर रुंद असा नव्या गाळाचा थर दिसतो, क्षेत्र अंदाजे २० हेक्टर. (लांबी-रुंदीचा गुणाकार जुळत नाही म्हणून गोंधळू नका, आकार आयताचा नसून पंख्याचा आहे.) दादरच्या शिवाजी पार्कच्या पावणेदोन पट जागा. म्हणजे ओढ्याने जुन्या पंख्यावर आणखी एक थर चढवला, इतकेच. त्या थराच्या खाली बाजार होता.

याचा आधीचा पुरावा गावात होता का?

होता, आणि यात्रेकरू तो पाहायला तिकिटाशिवाय जात होते. धरालीत कल्पकेदार नावाचे शिवमंदिर होते. घडण केदारनाथ मंदिराच्या वळणाची, कत्युरी शैलीची. पण दिसायचे ते बहुतांश शिखरच, कारण मंदिराचा मोठा भाग जमिनीखाली होता. शिवलिंगाच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून खाली जावे लागे. जुन्या पुरात ते गाडले गेले होते आणि १९४५ च्या सुमारास खोदकाम करताना पुन्हा सापडले, असे गावात सांगितले जाते. दगडी मंदिर कोणी खड्ड्यात बांधत नाही. जमीनच त्याच्या गळ्यापर्यंत वर आली होती. ऑगस्टमध्ये ते पुन्हा गाडले गेले.

ताजे इशारेही होते. २०१३ मध्ये केदारनाथचा प्रलय आला, त्याच मोसमात खीरगंगेनेही धरालीत गाळ आणला होता. २०१८ मध्येही असा प्रकार घडला. मोठी हानी झाली नाही, दुकाने झाडूनपुसून पुन्हा सुरू झाली. भागीरथीच्या खोऱ्यात हे नवे नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये डबराणीजवळ कनोडिया गाडाने आणलेल्या दरडीने भागीरथी अडली होती आणि तो बांध फुटून खाली मोठा पूर आला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये अस्सी गंगेचा पूर उत्तरकाशीपर्यंत आला. दोन्ही वेळा त्रास देणारी मुख्य नदी नव्हती, बाजूचा ओढा होता.

मुखबा वर आणि बाजार खाली, असे का?

भागीरथीच्या उजव्या तीरावर, धरालीच्या समोर मुखबा आहे. गंगोत्री मंदिराच्या सेमवाल पुजाऱ्यांचे हे गाव. दिवाळीत गंगोत्रीची दारे बंद झाली की गंगेची उत्सवमूर्ती पालखीतून इथे येते आणि हिवाळा इथे काढते. लाकडी कोरीव घरांचे हे गाव पात्रापासून वर, दक्षिणेकडे तोंड करून बसलेले आहे. हिवाळ्यात ऊन मिळते आणि पावसाळ्यात नदी लांब राहते. धरालीचीही जुनी वस्ती बरीचशी वरच्या उताराला धरून होती. दुर्घटनेच्या दिवशी तिथल्या देवळात गावची पूजा होती. बरेच गावकरी तिकडे होते म्हणून वाचले.

मग खालची सपाटी बाजाराला कोणी दिली? कोणी एकाने नव्हे, रस्त्याने. या दरीचा इतिहास हा रस्त्याचा इतिहास आहे. पूर्वी इथले मुख्य उत्पन्न तिबेटशी होणाऱ्या व्यापाराचे. नेलांग आणि जादुंग या सीमेवरच्या गावांतले जाड लोक मीठ, लोकर आणि धान्याची देवाणघेवाण करत. भैरोंघाटीजवळ कड्याला खिळवलेली ‘गर्तांग गली’ ही लाकडी पायवाट त्याच व्यापाराची. १९४४ मध्ये देहरादूनच्या छावणीतून निसटलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर याच नेलांग दरीतून तिबेटला गेला.

त्याआधी शतकभर हर्षिलला आणखी एक परदेशी येऊन बसला होता. फ्रेडरिक विल्सन, म्हणजेच ‘पहाडी विल्सन’. कंपनीच्या फौजेतून बाहेर पडलेल्या या माणसाने टिहरीच्या राजाकडून जंगलतोडीचा मक्ता घेतला. देवदाराचे ओंडके भागीरथीत सोडायचे आणि खाली हरिद्वारकडे पकडायचे, हा त्याचा धंदा. उत्तर भारतातील रेल्वेच्या स्लीपरांना हे लाकूड लागत होते. तो गबर झाला, मुखबाच्या मुलींशी त्याने लग्ने केली, स्वतःची नाणी पाडली. हर्षिलचा त्याचा बंगला १९९७ मध्ये आगीत गेला. आजच्या सफरचंदाच्या बागांचे श्रेय स्थानिक लोक त्यालाच देतात. ते खरेच आहे, पण दरीतले देवदार आधी कोणी विकले हेही त्याच माणसाच्या खात्यावर आहे.

१९६२ च्या युद्धाने चित्र पालटले. नेलांग आणि जादुंग रिकामी झाली, जाड कुटुंबे हर्षिलजवळ बगोरीला आणि खाली डुंडा येथे आली. व्यापार संपला, गर्तांग गली बंद पडली (ती पुन्हा उघडली थेट २०२१ मध्ये). सीमेच्या गरजेने मोटाररस्ता वर सरकत गेला. भैरोंघाटीचा पूल झाल्यावर गाडी गंगोत्रीच्या दारात जाऊ लागली. १९८५ मध्ये राज कपूर यांच्या ‘राम तेरी गंगा मैली’ने हर्षिल घराघरांत पोहोचवले. महामार्ग भागीरथीच्या डाव्या तीराने जातो, हर्षिल आणि मुखबा उजव्या. त्यामुळे गाडी थांबते, पार्किंग मिळते, खोल्या बांधता येतात अशी रस्त्यालगतची जागा उरली धरालीचा पंखा. सफरचंदाचे पीक वर्षातून एकदा, रस्त्यावरची खोली सहा महिने. ज्याच्या वाट्याची चार नाली जमीन खाली होती, त्याने कर्ज काढून होमस्टे बांधला. यात मूर्खपणा काही नाही. आपल्यापैकी कोणीही तेच केले असते.

कायदा नव्हता का?

होता. गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा सुमारे १०० किलोमीटरचा पट्टा, ४,१७९ चौरस किलोमीटर, केंद्राने १८ डिसेंबर २०१२ रोजी पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. त्याच वर्षी उत्तराखंडने पूरमैदान विभागणीचा स्वतंत्र कायदाही केला. देशातील फार कमी राज्यांनी हे केले आहे. पण अशा कायद्यांत मुख्य नदीची पूररेषा आखली जाते. पुणे, सांगली, कोल्हापूरच्या वाचकांना निळी आणि लाल रेषा नवी नाही. ओढ्याच्या तोंडावरचा पंखा मात्र नदीच्या पूररेषेबाहेर, उंचावर असतो. भागीरथी कितीही फुगली तरी बाजार कोरडा राहील, असे नकाशा सांगतो. संकट नदीकडून नव्हे, पाठीमागून येते.

दुसरीकडे सरकारचे पैसे आणि शब्द उलट्या दिशेने वाहत होते. ८८९ किलोमीटरच्या चारधाम महामार्गाचा उत्तरकाशी ते गंगोत्री हा टप्पा याच क्षेत्रातून जातो आणि त्यासाठी हजारो देवदार कापण्याच्या प्रस्तावावर वाद सुरू आहे. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान मुखबा-हर्षिलला आले आणि हिवाळी पर्यटनाला ‘घाम तापो पर्यटन’ असे नाव देऊन गेले. गढवालीत घाम म्हणजे ऊन. सीमेवरची गावे ओस पडू नयेत हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण पर्यटक वाढवायचे तर ते कुठे झोपणार, हे आधी ठरवावे लागते.

आधी कळवता आले असते का?

थोडे गणित करू. समजा, वर पाच किलोमीटरवर लोंढा सुटताच सेन्सरने टिपला आणि त्याचा वेग सेकंदाला दहा मीटर धरला, तर गावाच्या हाती ५०० सेकंद येतात. आठ मिनिटांहून थोडे जास्त. भोंगा वाजला आणि कोणत्या बाजूला पळायचे हे आधी ठरलेले असेल, तर माणसे वाचवायला एवढा वेळ पुरतो. मुखबाच्या शिट्ट्यांनी तर त्याहून कितीतरी कमी वेळ मिळाला होता, तरी काही जण वाचले. इमारती वाचवायला आठ दिवसही पुरणार नाहीत.

२०२५ च्याच मे महिन्यात स्वित्झर्लंडमधील ब्लाटन या सुमारे ३०० वस्तीच्या गावावर हिमनदी कोसळली. १९ मे रोजी गाव रिकामे केले होते, २८ मे रोजी डोंगर आला. बहुतेक गाव गेले, एका व्यक्तीचा मृत्यू झाला. समाजमाध्यमांवर लगेच तुलना झाली, पण ती पुरती बरोबर नाही. ब्लाटनचा कडा आधी कित्येक दिवस सरकत होता, मोजता येत होता. खीरगंगेने तशी सवड दिली की नाही हे सांगता येणार नाही, कारण वर मोजणारे उपकरणच नव्हते. तुलना करायची तर एवढ्यापुरतीच करावी.

पुनर्वसन कुठे करणार?

राज्य सरकारने घर पूर्ण गेलेल्यांना आणि मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये जाहीर केले. त्याआधी पाच-पाच हजारांचे धनादेश वाटायला गेलेल्या अधिकाऱ्यांना ते परत घेऊन यावे लागले होते. महसूल सचिवांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली गेली. खरी अडचण पैशांपेक्षा जमिनीची आहे. दरीतली सपाट जागा एकतर दुसऱ्या ओढ्याचा पंखा आहे, नाहीतर नदीकाठ आहे, नाहीतर संरक्षित जंगल किंवा लष्कराची जागा. सफरचंदाची बाग उचलून नेता येत नाही. गंगोत्रीच्या रस्त्यापासून लांब गेले तर उपजीविका जाते.

महाराष्ट्राला हा पेच परिचित आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीणवर दरड कोसळून १५१ जण गेले. आमडे येथे वसवलेल्या नव्या गावाचे एप्रिल २०१७ मध्ये लोकार्पण झाले आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले. जागा घाईने निवडली, उतार कापून सपाट केला, की पाणी आपली वाट शोधतेच. धरालीसाठी पाहणी करणाऱ्यांनी आमडेला एक फेरी मारली तरी बरेच काही कळेल.

यात्रेला जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

अक्षय्य तृतीयेला गंगोत्रीची दारे उघडतात. हर्षिल खोऱ्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे : मुखबातील लाकडी घरे आणि गंगा मंदिर, बगोरीतील जाड लोकांची वस्ती आणि लोकरीचे विणकाम, देवदाराचे जंगल, गर्तांग गलीचा थरार. सहल कंपनी धरालीत थांबली नाही तर मुखबावर नक्की जा. तिथून समोर पाहिले की खीरगंगेची घळ, तिच्या तोंडाशी उलगडलेला राखाडी पंखा आणि त्याच्या कडेला वर उरलेली जुनी घरे एका नजरेत येतात.

जुलै-ऑगस्टचे पॅकेज स्वस्त मिळते, ते का, हे आता वेगळे सांगायला नको. आणि मुक्काम ठरवताना हॉटेलच्या खोलीतून नदी दिसते का, हे विचारतो तसेच हॉटेलच्या मागून ओढा येतो का, हेही विचारा. नकाशाच्या अॅपमध्ये उपग्रहचित्र उघडून आधी पाहिले तरी चालेल. घळीच्या तोंडाशी पसरलेला पंखा कोणालाही ओळखता येतो, दोन बोटांनी झूम करावे लागते एवढेच.